लटकलेलं दार

"पुढच्या खेपेला मला दवाखान्यात नेऊ नका. मी नाही यायची," बायको म्हणाली, तेव्हा घुम्या टोमॅटोचे रिकामे क्रेट पिकअपच्या हौद्यात रचत होता. हातातला क्रेट तसाच धरून त्यानं विचारलं, "का?"

गाव त्याला उगीच घुम्या म्हणत नव्हतं. एका शब्दात भागत असलं तर दुसरा शब्द तो खर्च करत नसे. मान हलवून भागलं तर तो एक शब्दही वाचवायचा.

"या दारामुळं," ती म्हणाली. "माझ्या बाजूच्या. सगळा रस्ता चिरकत असतं. डोक्यात कुणी सळई फिरवतंय असं वाटतं."

थंडीत तिच्या डोक्यातली गाठ काढली होती. सगळी निघाली नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून दर पंधरवड्याला शहराच्या मोठ्या दवाखान्यात सलाईनमधून औषध घ्यायला जावं लागे. रस्ता निम्मा डांबरी, निम्मा नुसता दगडांचा. गाडी खड्ड्यात आदळली की दाराचं रबर पत्र्यावर घासायचं आणि च्यांऽऽ करून ओरडायचं. घुम्याला त्याचं काही वाटत नसे. टोमॅटो घेऊन बाजाराला जाताना तो आवाज त्याला सोबतीसारखा होता.

त्यानं क्रेट दाणकन खाली ठेवला. ऊन असं तापलं होतं की अंगणातली माती भाजून पांढरी पडली होती.

"दार वाजतं म्हणून कुणी औषध सोडतं का? लहान आहेस का तू?"

ती भिंतीला हात लावत लावत आत गेली. औषधाची भीती वाटते, आणि दाराचं नुसतं निमित्त, असं त्यानं मनाशी धरलं आणि तो कामाला लागला.

दुपारी त्यानं चहा केला. कप पुढं धरला तर तिनं एकाच हातानं घेतला. दुसरा हात पदराखालीच. कप हिंदकळला, चहा बोटांवर सांडला, तरी तो हात काही बाहेर येईना.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही."

त्यानं पदर बाजूला केला. डाव्या हाताची बोटं सुजून जाड झाली होती. तळव्याची साल निघाली होती, कुदळ कधी न धरलेल्या माणसानं दिवसभर खणावं तशी.

"दार आत ओढून धरलं की आवाज कमी येतो," ती म्हणाली. "म्हणून धरते."

"सगळा रस्ता?"

"जाताना. येताना अंगात जोर राहत नाही."

घुम्या उठून बाहेर गेला. गाडीशेजारी उभा राहिला. इतक्या खेपा ती त्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती, आणि त्याला हे दिसलं नव्हतं.

शेडमध्ये इंजिन ऑइलचा डबा होता. त्यानं चिंधी बुडवली आणि दाराच्या रबराला ऑइल चोपडलं, एकदा नाही, दोनदा. सकाळी दार उघडायला गेला तर ते उघडेना. जोर लावला तेव्हा कापड फाटावं तसा आवाज करत सुटलं. रबर फुगून, चिकट होऊन लोंबायला लागलं होतं. गावातून एक फेरी मारून बघितली. पहिल्यापेक्षा दुप्पट ओरडत होतं.

शेजारचा गवंडी कुंपणावरून बघत होता. "रबराला ऑइल पाजलंस होय? वाटोळं केलंस त्याचं," तो म्हणाला. मग दुसरीकडं बघत म्हणाला, "तुझा धाकटा तेच काम करतो म्हणतात. बाजारगावात. दारं, पत्रे, रबरं."

घुम्या लोंबणारं रबर परत खाचेत कोंबत राहिला. 

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. आईबाप गेले तेव्हा नाक पुसता येत नव्हतं त्याला. घुम्याची बायको नवी नवरी म्हणून आली आणि आल्याबरोबर या पोराची आई झाली. मोठा झाला, गाडी चालवायचा नाद लागला. एके दिवशी न विचारता पिकअप काढली. पलीकडचं डावं दार उघडं ठेवून, तिकडं वाकून बघत, मागं घ्यायला गेला आणि दार पुलाच्या कठड्याला अडकून उलटं वाकलं. कुणाला खरचटलंही नाही. पण जन्मभर न बोललेला घुम्या त्या दिवशी चार माणसांसमोर बोलला. "माझ्या ताटात जेवतोस आणि माझ्याच मुळावर उठतोस," असं म्हणाला. आणखीही बरंच म्हणाला. कमी बोलणाऱ्या माणसाचं बोलणं फार खोल रुततं. पोरगा दिवस मावळायच्या आत घर सोडून गेला. त्याला बरीच वर्षं झाली. बायको त्याच्याशी फोनवर बोलायची, हे घुम्याला ठाऊक होतं. ती बोलायला लागली की तो गोठ्यात जाऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजारगावात गेला. गॅरेजपुढं एक चेपलेली गाडी होती आणि तिच्याखाली वाकून धाकटा पत्रा ठोकत होता. अंगानं भरला होता. मिशी ठेवली होती. भावाला बघून त्यानं ठोकणं थांबवलं नाही.

"दार चिरकतंय," घुम्या म्हणाला.

"रबर वाळलं असेल. साबणाच्या पाण्यानं पूस."

"ऑइल लावलं."

"रबराला?" आता त्यानं वर बघितलं. "मग फुगलं असेल. नवं घालावं लागेल. पुढच्या आठवड्यात आण, आता हातातलीच कामं उरकत नाहीत."

"परवा तिला न्यायचंय."

"कुणाला? कुठं?"

घुम्याला वाटलं, हा मुद्दाम विचारतोय. मग त्याच्या तोंडाकडं बघून कळलं की याला काहीच माहीत नाही. ती फोनवर एवढे दिवस बोलत होती आणि तिनं ह्याला काही सांगितलं नव्हतं.

"डोक्यात गाठ झालीय तिच्या. कापून झालं. औषध चालू आहे."

धाकट्यानं हातोडा खाली ठेवला. हात पँटला पुसले. परत पुसले. "मला म्हणाली, कणकण येते जाते. आवाज बारीक का झाला विचारलं तर म्हणाली, फोन जुना झालाय." त्यानं भावाकडं बघितलं. "तू तरी कळवायचं होतंस, दादा."

  धाकटा आत गेला, मालकाशी काही बोलला आणि खांद्यावर नव्या रबराचं वेटोळं, हातात हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर आला.

घरी आल्यावर तो वहिनीच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या मिशीला हात लावला आणि म्हणाली, "ही कुणाला विचारून ठेवलीस?" केस गेलेल्या तिच्या डोक्याकडं त्यानं बघितलं आणि लगेच उठून गाडीकडं गेला.

जुनं रबर त्यानं ओरबाडून काढलं. ऑइलचा चिकटा साबणाच्या पाण्यानं धुतला, खाचेतली माती खिळ्यानं कोरली. नवं रबर अंगठ्यानं दाबत दाबत बसवलं. दार लावून हलवलं. च्यांऽऽ.

"नवं रबरही ओरडतंय," घुम्या म्हणाला.

"रबर कशाला बोंबलेल दादा, दार लटकलंय." धाकटा बिजागरीकडं बघत होता. "त्या दिवशी वाकलं ना, ते कुणी बसवलं?"

"मी."

"वाकडं बसवलंस. खाली घासतं आणि वर फट राहते. एवढी वर्षं रबरच मार खातंय." बोल्टवरचा गंज नखानं खरवडत तो म्हणाला, "वाकवलं मीच म्हणा."

घुम्यानं मान हलवली. मग ते पुरेसं नाही असं वाटून म्हणाला, "पोराचं काम होतं ते. मी उगीच तोंड सोडलं."

धाकट्यानं पाना उचलला. "दार वर उचलून धर," एवढंच म्हणाला.

बिजागरीचे बोल्ट ढिले केले. घुम्यानं दाराखाली खांदा घातला आणि ते वर उचललं. धाकटा बोल्ट आवळे, दार लावून बघे, मान हलवे, परत ढिले करी. मग त्यानं वर्तमानपत्राची पट्टी फाडली. दारात धरून दार लावायचं, पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथं रबर टेकत नाही, अडकली तर जास्त दाबलंय.

"आतून ओढायला कुणी तरी पाहिजे," तो म्हणाला.

"मी बसते," वहिनी उंबऱ्यातून म्हणाली.

तिला उचलून सीटवर बसवलं. आजारानं कानाला अशी धार आली होती, की धाकट्याला जे ऐकू येत नव्हतं ते तिला येई. "आता आरशाखाली बोलतंय. नाही, त्याच्या बोटभर मागं. हां, तिथं." ती सांगेल तिथं धाकटा रबराला चालणारं पांढरं ग्रीस बोटानं लावी. "हिला गॅरेजात ठेवून घेतो मी," तो म्हणाला. ती हसली. घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. घुम्याचा खांदा ठणकत होता, पण दार खाली ठेवू नये असं त्याला वाटत होतं.

ऊन उतरल्यावर तिघं गावाबाहेरच्या दगडी रस्त्यानं जाऊन आली. दार गप्प होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. जाताना निम्मा रस्ता झोपली. तिथं तपासण्या झाल्या, फोटो निघाले. तिला बाकावर बसवून डॉक्टरांनी घुम्याला आत बोलावलं. त्या दिवशी सलाईन लावलंच नाही.

येताना ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "आत नेऊन काय सांगितलं तुम्हाला?"

आधी असं काही विचारलं असतं तर दाराच्या कलकलाटात ऐकू आलं नाही असं त्यानं दाखवलं असतं. आता तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्यानं गाडी एका झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"औषध लागू पडत नाही म्हणाले. आता खेपा घालू नका म्हणाले."

"मग?"

"पावसाळा निघेल म्हणाले. पुढचं सांगता येत नाही."

ती समोर बघत राहिली. नांगरलेल्या रानात दोन बगळे ढेकळांवरून चालत होते.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "एकटीनं अंदाज बांधून बांधून दमले होते मी." मग बगळ्यांकडं बघतच, "थोरल्या ताईकडं जाऊ या का?"

"आत्ता?"

"गाडी आहे. तुम्ही आहात. मी आहे."

ताईचं गाव आडरस्त्याला होतं. ताई दोरीवर धुणं घालत होती, हातातलं लुगडं तसंच टाकून धावत आली. दोघी बहिणी आतल्या खाटेवर एकमेकींकडं तोंड करून आडव्या झाल्या, पोरीसोरींसारख्या. घुम्या बाहेर पायरीवर बसला. आतून आधी हसणं आलं, मग कुजबुज, मग बराच वेळ काहीच नाही. तेव्हा त्यानं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि तो रडला.

पाऊस आला, पडला, ओसरला. धाकटा सुट्टी मिळेल तेव्हा येई आणि वहिनीच्या पायाशी बसून गॅरेजच्या गमती सांगे. शेवटी शेवटी ती डोळे मिटूनच ऐकायची. एका सकाळी घुम्या टोमॅटोला काठ्या बांधत होता तेव्हा धाकटा बांधावरून येताना दिसला. तो पळत येत नव्हता. पाय ओढत येत होता. घुम्याच्या हातातली सुतळी गळून पडली. घाई करण्यासारखं काही उरलं नाही, हे धाकटा बांधावर असतानाच त्याला कळलं.

माणसं आली, गेली. ताई राहिली, मग तीही गेली. धाकट्याला कामावर जावं लागलं.

पाच-सहा दिवसांनी घुम्या रानात गेला. उघडीप होती, जमीन वाफशावर आली होती. टोमॅटो पिकून लाल झाले होते, काही फुटले होते. वाफ्यात आधीच गवंडी आणि त्याची बायको वाकून तोडत होती. त्यांनी काही विचारलं नाही, यानं काही सांगितलं नाही. एक क्रेट घेऊन तो शेजारच्या सरीला लागला.

"फुटलेले वेगळे काढू का?" गवंड्यानं विचारलं.

"काढ," घुम्या म्हणाला. बऱ्याच वेळानं, मान वर न करता तो म्हणाला, "ती नवी आली ना, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला तोडणीला आणलं. तिनं सगळे हिरवे तोडून ठेवले. क्रेट भरून."

गवंडी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एवढं लांब बोलणं त्यानं या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मी काही बोललो नाही. तिला वाटलं, मी रागावलोय. दिवसभर रडत होती." घुम्याचे हात झाडावरून चालतच होते. ते पानांच्या रसानं हिरवे झाले होते, म्हणून त्यानं दंडानं डोळे पुसले. "मी रागावलो नव्हतो. काय बोलावं ते मला सुचत नव्हतं."

गवंड्याची बायको आपला क्रेट उचलून त्याच्या जवळच्या सरीत आली आणि तिथं वाकली.

"मग?" तिनं विचारलं.

आणि घुम्या पुढचं सांगायला लागला.