फीत कापायला डबाबाई

डबाबाईला नव्या बोटीची फीत कापायला बोलवायचं ही अक्कल कंपनीत कुणाची, देव जाणे! आमंत्रण घेऊन आला तोही तिचा सख्खा जावई. पुष्कळ वर्षांपूर्वी याच कंपनीची बोट बुडाली, तेव्हा बाई तेलाच्या रिकाम्या डब्याला मिठी मारून तरंगत राहिली आणि वाचली. तेव्हापासून सगळा धक्का तिला डबाबाई म्हणतो. नवरा गेला. बोटीवर लाइफ जॅकेटं नव्हती असं नाही हो, होती. कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. तिचा नवरा शेवटपर्यंत त्या कुलपावर बुक्क्या मारत होता.

त्यानंतर बाईने धक्क्यावर कुणाला सुखाने बसू दिलं नाही. मासळी साफ करणाऱ्या बायकांची संघटना उभी केली, त्यांच्यासाठी भांडून संडास बांधून घेतले, मजुरी खाणाऱ्या ठेकेदाराला भर बाजारात पळता भुई थोडी केली. "देवाने तुम्हाला या कामासाठीच वाचवलं," असं कुणी म्हटलं की ती उसळायची, "मग बाकीचे काय बिनकामाचे होते म्हणून बुडवले?"

जावई आता नव्या बोटीचा व्यवस्थापक होता. "आई, तुम्ही फीत कापलीत तर लोक निर्धास्त बसतील," तो म्हणाला.

"जॅकेटं हाताशी ठेवणार?"

"शब्द देतो."

लेक मागून हळूच म्हणाली, "आई, एवढा एक दिवस गोड बोल. यांची बढती अडलीय." लेकीसाठी बाईने राग गिळला आणि हो म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी धक्क्यावर मांडव, वाजंत्री, मालकांचं भाषण. बोट खच्चून भरलेली. खुर्च्या संपल्या तसे लोक टपावर चढून बसले होते. भाषण लांबलं तशी बाई गुपचूप उठून बोटीत शिरली. जावयाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायला ती काय काल जन्मली होती? जॅकेटांचं कपाट सापडलं. काचेतून दिसत होती, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोरी करकरीत. आणि कपाटाला हे एवढं कुलूप!

"चावी?" तिने खलाशाला विचारलं.

"साहेबांकडे. लोक खाली अंथरून बसतात हो मावशी, मळवून टाकतात. तपासणीवाल्यांना नवी दिसायला नकोत का?"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा खाली आली आणि जावयाला मांडवाच्या कडेला ओढलं. "कुलूप काढ."

"आई, आता मालकांसमोर नको ना! पुढच्या फेरीपासून काढतो."

"या फेरीतली माणसं काय भाड्याने आणलीत?"

तेवढ्यात लेक आली. कडेवर नात, भोकाड पसरलेली. "बघ ना आई, सकाळी हे हिला पुढची खुर्ची देतो म्हणाले आणि आता म्हणतात चढवू नको. ऊन लागेल म्हणे."

ऊन? बाईने वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं. मग तिने जावयाकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली. हा मेला टपावरची गर्दी पाहून घाबरला होता. स्वतःचं पोर तेवढं उतरवलं आणि तोंड मिटून उभा राहिला!

"आई," लेकीने तिचा चेहरा ओळखला. "पाया पडते, काही बोलू नकोस. माझं घर मोडेल."

बाईला गलबलून आलं. ही एकुलती एक लेक, बापाविना वाढवलेली. पण टपावर कुणाकुणाच्या लेकी पाय सोडून बसल्या होत्या, त्यांचं काय? मालकांनी पुकारा केला. बाईने एका हातात कात्री घेतली, दुसऱ्या हातात माइक.

"फीत कापते," ती म्हणाली. "पण आधी व्यवस्थापकसाहेबांनी स्वतःच्या मुलीला बोटीत बसवावं. माझीच नात आहे. चला जावईबापू, घ्या तिला."

मालक खूश झाले. "वा वा! घरचंच माणूस पहिलं! आणा, आणा मुलीला!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मांडवाने वाजवल्या. नातीचं रडं थांबलं, तिने बापाकडे हात पसरले.

जावयाने हात पुढे केले. तिच्या काखेपर्यंत नेले आणि तिथेच थांबला. "नको," तो पुटपुटला, "हिला नको."

लेक नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. टाळ्या विरल्या. तिने पोरीला छातीशी घट्ट आवळलं, बोटीत चढायच्या फळीपाशी धावली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "उतरा! अहो, सगळे खाली उतरा! हा माणूस स्वतःच्या पोरीला चढवत नाही!"

टपावरची एक बाई उठली, मग सगळेच उठले. "सावकाश, एकेक करून," डबाबाई माइकवरून ओरडली, आणि कात्री टाकून पोरांना उतरवून घ्यायला लेकीशेजारी जाऊन उभी राहिली.