वहिनीचं सामान

वहिनी राहायला येणार म्हणून चिमीने एक अख्खं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. ट्रकमधून सामान उतरायला लागलं, तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. वहिनीने उभा जन्म नाटकांचे पोशाख शिवण्यात घालवला होता. दादा गेल्यापासून ती एकटीच होती आणि तिच्या गुडघ्यांना आता जुन्या घराचे जिने झेपेनात, म्हणून नणंदेने तिला आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. नणंद, म्हणजे चिमी, इस्पितळात नर्स. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि त्यांत मोजकंच सामान, हे तिचं सुख होतं.

"काळजी करू नकोस वहिनी," ती म्हणाली. "माझ्याकडे एक पद्धत आहे. सगळ्याचा ढीग करायचा, एकेक वस्तू हातात घ्यायची. मनाला आनंद झाला तर ठेवायची, नाहीतर निरोप द्यायचा."

या पद्धतीने चिमीने स्वतःचं घर आवरलं होतं, वॉर्डातल्या मैत्रिणींचीही आवरून दिली होती.

वहिनी ढिगाजवळ ऐसपैस बसली. तिने एक बटण उचललं आणि तिचा चेहरा फुलला. "हे सेनापतीच्या अंगरख्याचं! पहिल्याच प्रयोगात तुटून प्रेक्षकांत उडालं होतं." मग लेसचा तुकडा उचलला, मग गंजकी कात्री. प्रत्येक वस्तूने आनंद होत होता आणि प्रत्येकीची गोष्ट होती. दिवस कलेपर्यंत निरोप फक्त एका मोडक्या छत्रीला मिळाला.

"अगं, ती माझी आहे!" चिमी म्हणाली.

दोघी पोट धरून हसल्या. पण रात्री झोपायला जागा करताना चिमीला गाठोड्यांवरून उड्या मारत जावं लागलं, तेव्हा तिचं हसू मावळलं. वहिनीच्या ते लक्षात आलं. "मी तुझं घर भरून टाकलं ना गं," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात नवा रुग्ण आला. त्याच्या खाटेजवळचं टेबल चिमीने नेहमीसारखं पुसून मोकळं ठेवलं. दुपारपर्यंत त्याने चष्मा मागितला, मग पाणी, मग बायकोचा फोटो. बाकीची पिशवी खाटेखाली तशीच बांधलेली राहिली. चिमी त्या टेबलाकडे बघतच राहिली. आपण उलट्या टोकाकडून सुरुवात केली, असं तिला वाटलं.

इमारतीच्या मागे एक कोठी रिकामी पडून होती. घरमालकाला विचारून तिने सगळं सामान तिथे नेऊन लावलं आणि किल्ली वहिनीच्या हातात दिली.

"काय टाकायचं ते ठरवूच नकोस. ज्याची आठवण येईल ते घेऊन ये."

"आणि सगळ्याचीच आली तर?"

"तर सगळं आण. मी बाहेर झोपेन."

आधी शिलाई मशीन आलं. मग दिवा, गोधडी आणि बटणांच्या डब्यांपैकी एकच डबा. वहिनी संध्याकाळी शिवायला बसली की चिमीला तिच्याशी गप्पा मारत बसावंसं वाटे, पण घरात खुर्ची एकच. एके दिवशी तिने किल्ली मागून घेतली आणि कोठीतली दादाची आरामखुर्ची स्वतःच ओढत आणली.

"कमी सामानवाल्या बाई, हे काय?" वहिनीने विचारलं.

"मला हवी होती," चिमी म्हणाली आणि पाय पसरून बसली.

हळूहळू कोठीकडच्या फेऱ्या कमी झाल्या. एका सकाळी वहिनीने आपणहून नाटकमंडळींना फोन लावला. ती माणसं आली, पेट्या उघडल्या. एका तरुण नटीने राणीचा झगा अंगावर चढवला आणि गर्रकन गिरकी घेतली. मंडळी झगे, मुकुट, लेसची बंडलं असं सगळं गाडीत भरून घेऊन गेली.

चिमी कामावरून आली तेव्हा वहिनी मशीनपाशी होती.

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. डोळे भरून आले होते. पण त्या पोरीला बाह्या इतक्या ढगळ होत होत्या, की मला रडायला सवडच मिळाली नाही. तेवढा तो झगा ठेवून घेतलाय. परवा न्यायला येईल." वहिनीने दोरा दाताने तोडला. "जरा उभी राहतेस? तुझ्या अंगावर लांबी बघते."

चिमी नर्सच्या गणवेशावरच राणीचा झगा घालून खोलीच्या मधोमध उभी राहिली. आता तिथे दोन्ही हात पसरायला पुरेशी जागा होती.