आंधळा बैल आणि हेस्गिनची मेंढरं

डेनिओल टीव्हीवर सांगतो की तो मेंढपाळाचा पोरगा आहे. सांगू दे बापडा. त्याचा बाप आमच्या वेल्श गावच्या चॅपेलात पाद्री होता, आणि पोराला लोकरीचं इतकं वावडं की आमच्या स्वयंपाकघरात आला की आधी शिंकांचा पाऊस पाडायचा आणि मगच खाली बसायचा. मेंढी कुठली आणि मेंढा कुठला हे अजूनही त्याला कुणीतरी बोट करून दाखवावं लागतं. पण डोंगर, धुकं, बापाचे भेगाळलेले हात यांच्यावर त्यानं इतकी गाणी लिहिली आहेत की लंडनच्या लोकांना वाटतं, याला मेंढीनंच दूध पाजलं असावं. भेगाळलेले हात माझ्या बापाचे होते. ते त्यानं विचारल्याशिवाय नेले.

बँडचं नाव 'आंधळा बैल'. डेनिओल गायचा, बेडविर गिटार वाजवायचा, ग्वेर्न बेस, आणि ड्रमवर माझा धाकटा भाऊ टेगिड. चॅपेलमागच्या खोलीत त्यांचा सराव चाले. कार्यक्रमाला मी त्यांना मेंढ्यांच्या ट्रेलरमधून न्यायची, कारण चौघांत एकाकडेही गाडी नव्हती, आणि असती तरी चालवायची अक्कल नव्हती. तेव्हा ते वेल्शमध्ये गायचे. खरं सांगायचं तर वाईटच गायचे, पण आमच्याकडे वेल्शमध्ये कुणी नुसतं खोकलं तरी लोक टाळ्या वाजवतात.

मग लंडनहून एक रेकॉर्ड कंपनीवाला आला. म्हणाला, इंग्रजीत गा आणि नावातला आंधळा काढून टाका. एका रात्रीत ते 'द बुल्स' झाले. आंधळेपणा तेवढा गेला, बैल उरले.

गावानं छी थू केली. 'भाषा विकली मेल्यांनी,' म्हणत पोस्ट आणि किराणा एकाच दुकानात चालवणाऱ्या मेगननं त्यांचं पोस्टर फाडलं आणि त्यात गिऱ्हाइकांना अंडी गुंडाळून दिली. दोन वर्षांनी त्यांचं गाणं रेडिओवर वाजायला लागलं, तेव्हा याच मेगननं काउंटरवर त्यांचा फोटो लावला. येईल त्याला सांगायची, 'माझ्या डोळ्यांसमोर वाढली हो पोरं!' थुंकी झेलावी तर आमच्या गावानं.

पुढे जे व्हायचं ते झालं. डेनिओलनं बेडविरच्या बायकोवर गाणं लिहिलं म्हणून बेडविरनं त्याच्या डोक्यात गिटार घातली. महिन्याभरात दोघं पुन्हा गळ्यात गळे घालून फोटोत. ग्वेर्न बँड सोडून रेक्समला गेला आणि लोकांच्या घरी ओटे बसवायला लागला. चौघांत शहाणा निघाला तो एवढाच. दुसरी रेकॉर्ड कुणी फुकट घेईना. डेनिओल दारू सोडवायला कुठल्याशा महागड्या ठिकाणी जाऊन राहिला आणि बाहेर आल्यावर त्यानं दारूवर गाणी लिहिली. ती मात्र धो धो खपली. या सगळ्यात टेगिडचं काम एकच, बाकीचे म्हणतील तिकडे मान हलवायची. लोक त्याला साधा म्हणतात. मी मेंगळट म्हणते.

आमच्या डोंगराला कुंपण नाही. सगळ्या शेतांची मेंढरं वर एकत्र चरतात. कातरणीच्या, म्हणजे लोकर कापायच्या दिवशी एका घरामागे एक माणूस येतो आणि सगळे मिळून कळप खाली आणतात. माणूस पाठवला नाही, तर तुमच्या कातरणीला कुणी फिरकत नाही. सगळ्यात वरची कड आमच्या घराची, हेस्गिनची. पलीकडे जुनी दगडाची खाण आहे, आणि तिथला माणूस चुकला की मेंढरं थेट खाणीत. ती कड बाबा राखायचे. ते गेल्यावर टेगिडनं राखायची, हे सांगायची गरजच नव्हती. अंत्यविधीला तो काळा चष्मा लावून आला आणि म्हणाला, "एकच वर्ष दे, नेस्ट. मग मी कायमचा घरी."

त्या एका वर्षाची सहा झाली. मी खालची वाट धरायची, आणि खालच्या शेतातले ह्यूकाका दुखऱ्या गुडघ्यांनी आमची कड राखायचे. दुसऱ्या कुणाला ते ती देईनात.

"येईल गं," ते म्हणायचे. "रक्त आहे शेवटी."

मलाही तेवढंच हवं होतं. त्यानं येऊन बाबांच्या जागी उभं राहावं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आणि मग फोन आला. "नेस्ट, यंदा कातरणीला येतोय."

मी ओट्याशी उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू?

"बँडपण येतोय," तो म्हणाला. "नवीन गाण्याचं शूटिंग आहे. मागं मेंढरं दिसली तर डेनिओलला हवीच आहेत."

मी डोळे पुसले आणि फोन ठेवला.

दोन ट्रक, एक जनरेटर आणि एक शेंडीवाला दिग्दर्शक असा लवाजमा आला. डेनिओलनं शेतकऱ्याची टोपी घातली होती. ह्यूकाकांनी त्याला एकदा खालून वर न्याहाळलं.

"काय रे, टोपीला मागं किमतीची चिठ्ठी लोंबतेय."

"स्टाइल आहे ती, काका."

"असेल बाबा. आमच्याकडे चिठ्ठी मेंढीच्या कानाला असते."

कोंडवाड्याशेजारच्या कुरणात ड्रम मांडले होते. टेगिड त्यांच्यामागे बसून खुर्ची वरखाली करत होता.

"वर जातोयस ना?" मी विचारलं.

"अगं, मला इथं बसावं लागेल. कॅमेरा लागलाय."

 ह्यूकाकांनी काठी घेतली आणि चढायला लागले.

दुपारी कळप उतरला. पुढची मेंढरं फाटकाशी आली होती, बाकीचा सगळा कळप अजून उतारावर होता. मी आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटची मेंढी आत जाऊन फाटक लागेपर्यंत एक आवाज नको. दिग्दर्शक म्हणाला, ऊन चाललंय, आत्ताच हवं.

"मेंढ्यांना संगीत आवडतं गं," डेनिओल म्हणाला.

"तुझं ऐकलंय का त्यांनी कधी?"

मग मी भावाकडे वळले. "टेगिड, तू सांग यांना. तुला माहीत आहे."

माहीत होतंच त्याला. चालायला लागल्यापासून तो या कुरणात कळपामागे होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग डेनिओलकडे बघितलं. डेनिओलनं नुसती भुवई उचलली. माझ्या भावानं काठ्या उचलल्या आणि मोठ्यानं म्हणाला, "वन, टू, थ्री, फोर!"

भोंगे दणाणले आणि अख्खा कळप जागच्या जागी फिरला, आला तसा वर निघाला. टेगिडच्या लक्षात आलं. काठ्या फेकून तो धावला, आणि कसा धावला! सरळ मेंढरांच्या मागून, हात हलवत, ओरडत. मागून धावलं की मेंढरू आणखी पुढे पळतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. वळसा घालून वर जायचं असतं, पुढून अडवायचं असतं. मी बोंबलत होते, "मागून नको! टेगिड, मागून नको!" भोंग्यांपुढे माझं कोण ऐकणार? तो त्यांना हाकत राहिला. वरच्या कडेला ह्यूकाका एकटे, दोन्ही हात पसरून उभे. कळप त्यांच्या दोन्ही अंगांनी गेला.

खाणीत पडली त्यातली निम्म्याहून जास्त ह्यूकाकांची होती. अशी मेंढरं बाजारात मिळत नाहीत. डोंगरावरची आपली जागा ती आईच्या मागे फिरून शिकतात, विकत आणलेली दुसऱ्या दिवशी भलतीकडे निघून जातात. ह्यूकाका खाणीच्या काठाशी जाऊन खाली बघत होते. टेगिड धापा टाकत त्यांच्यापाशी पोचला, तेव्हा त्यांनी त्याला शिवी दिली नाही. मला म्हणाले, "पाहुणा दमलाय गं. पाणी दे त्याला."

कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. त्यातला खाणीचा भाग कापला आणि वर पळणारा कळप ठेवला. आजवरचं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ते. त्याला बक्षीस मिळालं. डेनिओलनं ते हातात धरून डोंगराचे आभार मानले, आवाज भरून वगैरे आला त्याचा. मेगननं काउंटरवर नवा फोटो लावला. दुकानात मी तिला खाणीतलं सांगायला गेले तर म्हणाली, "हो का? पण टेगिड काय गोड दिसतो गं त्यात!"

पुढच्या उन्हाळ्यात बँड फुटला. कोण कुणाला काय म्हणालं ते पेपरात आलं होतं. मी त्याच पेपरानं चूल पेटवली.

त्या वर्षी कातरणीला वरची कड मी राखली. ह्यूकाकांनीच सकाळी काठीनं तिकडे दाखवलं आणि स्वतः खालची वाट धरली. कळप उतरवून, फाटक लावून आम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो, एवढ्यात मागच्या दारातून टेगिड आत आला. हातात बॅग.

"आलो, नेस्ट. आता कायमचा."

बॅग खाली ठेवून तो बाकाच्या टोकाला टेकला आणि त्यानं पावाकडे हात नेला. कुणी सरकलं नाही.  सगळे आपापल्या ताटात बघत होते.

आमच्याकडे कातरणीचं जेवण स्वयंपाकघरात असतं, आणि ते डोंगरावरून उतरलेल्यांचं. पाद्री, डॉक्टर, विमावाला यांना पुढच्या बैठकीत बसवतात, चांगल्या कपबशीत चहा देतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी उठले, फडताळातून आईची निळी कपबशी काढली, चहा ओतला. बशीत थोडा सांडलाच.

"टेगिड, तू बैठकीत बस," मी म्हणाले. "तिथं निवांत आहे."

ह्यूकाकांचा चमचा थांबला. टेगिडनं कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. मठ्ठ नाहीये तो. मी कप पुढे धरून उभी राहिले.

त्यानं मान हलवली. कप घेतला, दुसऱ्या हातात बॅग उचलली, बैठकीत गेला आणि दार हळूच ओढून घेतलं. एकदा जरी टेबलावर मूठ आपटून 'हे माझं घर आहे' म्हणाला असता, तरी मी बाकावर सरकून त्याला जागा दिली असती.