हात लावलेली पोती

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी नाशिक रोडच्या गोदामातून दुष्काळी कामांवर सुकडीची पोती पोचवायचो. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल. खडी फोडणाऱ्या बायका ती पदरात घ्यायच्या, थोडी तिथंच खायच्या आणि उरलेली पोरांसाठी बांधून न्यायच्या. दिंडोरीच्या पुढं माझ्या गाडीला दोन ठिकाणी माल उतरवायचा असे. आधी मोठ्या गावाच्या रस्त्याचं काम, मग टेकडीमागं तलावाचं. तलावावर सगळी बौद्ध वस्ती राबत होती.

गावाच्या कामावर कारभारी नावाचा मुकादम होता. गाडीचा मागचा फळका पडला की हा माणसं वर चढवायचा आणि तलावाच्या पोत्यांसकट गाडी रिकामी करायचा. "तलाववाल्यांना उद्याच्या गाडीत," असं वर ऐकवायचा. अहो, उद्याची गाडीही त्याच रस्त्यानं यायची! मी भांडलो. गोदामात जाऊन सांगितलं, तर साहेब म्हणाले, माल पोचला ना, मग झालं. माझं डोकं असं फिरायचं की स्टिअरिंग उपटून कुणाच्या तरी टाळक्यात घालावं. तरी मी रिकामी गाडी घेऊन तलावावर जायचोच. निदान तोंडावर सांगायला कुणीतरी हवं होतं.

एक दिवस तिथली गोजराबाई गाडीपाशी आली. काटक बाई, बोलायला फटकळ. तिनं रिकाम्या गाडीत डोकावून पाहिलं.

"ड्रायव्हरभाऊ, लेकरं पाणी पिऊन झोपत्यात. आता मीच येते आणायला," म्हणाली आणि पदर खोचून मागं चढली.

गोदामात हमालांचा म्होरक्या होता सहादू. हमालांची रीत ठरलेली, जो माल शेवटी उतरायचा तो आधी चढवायचा, पार केबिनला टेकवून. गोजराबाईनं त्याला थांबवलं.

"आज उलटं भरा. गावाची पोती आत, आमची फळक्याकडं. गाडी आधी तलावावर जाईल आन् माघारी येताना गावाचं उतरवंल."

"अगं बाई, मग तर वाटेत मुकादमाच्या हाती आधी तुझीच पोती लागतील," सहादू म्हणाला.

"त्याचं मी बघते."

सहादूनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, भर उलटं. मलाही कारभारीचं तोंड बघायचं होतं. हमाल पोती आणत होते आणि बाई वर उभी राहून एकेक पोतं ओढून लावून घेत होती.

गावाच्या कामापाशी गाडी थांबणार नाही, हे कारभारीच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं रस्त्यात बैलगाडी आडवी घातली. त्याच्या माणसांनी फळका पाडला, तशी गोजराबाई पोत्यांवर उभी राहिली.

"कोण गं तू? उतर खाली!"

"गोजरा. तलावावरची."

चढायला आलेली माणसं जागीच थबकली. बाईनं खाली वाकून एकेका पोत्यावर पंजा ठेवला.

"ह्याला हात लावलाय. ह्याला बी. ह्याला बी. परवा विहिरीवर माझ्या सुनेचा हंडा लाथाडला ना, बाटलं म्हणून? आता न्या की ही पोती. उचला!"

"पोती सरकारची हायेत," कारभारी गुरकावला.

"विहीर बी सरकारचीच हाय."

कारभारीनं माणसांकडं पाहिलं, माणसांनी जमिनीकडं. त्याचा स्वतःचा हातही पुढं येईना. मला हसू आवरेना. मी हॉर्नवर जो हात दाबला, तो बैलगाडी बाजूला होईपर्यंत काढला नाही.

तलावावर तिथली सगळी पोती उतरली. एका लहान पोरीनं दोन्ही गालांत सुकडी कोंबली आणि माझ्याकडं टकमक बघत राहिली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. गोजराबाई मात्र पुन्हा गाडीत चढून बसली.

"आता कशाला? तुमचं काम झालं," मी म्हटलं.

"गावाची पोती राहिलीत. तिकडं बी लेकरं हायेत."

माघारी आलो तेव्हा सकाळपासून उपाशी बायका हातातली कामं टाकून रस्त्यावर उभ्या होत्या. कारभारी पुढं आला. आवाज जरा खाली आणून म्हणाला, "ह्या आतल्या पोत्यांना तर हात लावला नाहीस ना?"

नाही म्हणाली असती तर सगळ्यांचंच भागलं असतं. मीसुद्धा तिला डोळ्यांनी तेच सांगत होतो.

"लावला. गोदामात मीच रचलीत. सगळ्यांना हात लागलाय माझा."

कुणी हललं नाही. गोजराबाईनं एका पोत्याची शिवण उसवली आणि दोन्ही हातांची ओंजळ भरून फळक्यावर उभी राहिली. ओंजळ तिनं खाली केली नाही.

बायकांमधून धोंडाबाई पुढं झाली. ही मुकादमाची सख्खी आई. तिनं पदर पसरला.

"आये!" कारभारी ओरडला.

"घाल गं बाई," म्हातारी म्हणाली.

गोजराबाईनं ओंजळ पदरात रिती केली. मग म्हणाली, "उद्या विहिरीवर येणार हाय मी. हंडा घेऊन."

म्हातारीनं घास तोंडात टाकला आणि लेकाकडं बघत तो सावकाश गिळला.

"ये," ती म्हणाली. "कोण लाथ मारतो ते मी बघते."