वर्कला ‘ए’ लागत नाही

“‘आय डू अ वर्क’ असं नाही म्हणत,” सासूबाई म्हणाल्या. “तो ‘ए’ काढून टाक.”

वहिनीने त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी खोचली आणि पावडरचा डबा उचलला. “काढला. पण का?”

“वर्कला ‘ए’ लागत नाही. जॉबला लागतो. एक जॉब, दोन जॉब. वर्क मोजता येत नाही.”

“हे मात्र खरं बोलून ठेवलंय साहेबाने,” वहिनी म्हणाली आणि त्यांच्या पाठीवर पावडर चोळू लागली.

झटका आल्यापासून सासूबाईंचं डावं अंग गेलं होतं. तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून सांडल्यासारखे बाहेर पडत. परक्याला त्यातलं निम्मंही कळत नसे. एके काळी याच बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज असा, की नंबर लागून गेला तरी लोक थँक्यू म्हणायला थांबत. आता त्या आवाजाचा मागमूस राहिला नव्हता, पण इंग्रजी जागच्या जागी शाबूत होतं.

वहिनीला वहिनी म्हणणारी खरी एकच, तिची नणंद. पण ऐकून ऐकून दूधवाला, इस्त्रीवाला, डॉक्टर, सगळेच तिला वहिनी म्हणू लागले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं घर सासूबाईंच्या पेन्शनवर चालायचं, आणि ही पेन्शन सासूबाईंबरोबरच जाणार हे दोघींनाही ठाऊक होतं. बोलायच्या मात्र नाहीत. बोलल्या त्या सासूबाईच. वर्तमानपत्रातली एक जाहिरात बोटाने दाबून धरून म्हणाल्या, “इथे जा.”

वृद्धांसाठी निवासी केंद्र निघालं होतं. माणसं हवी होती. इंग्रजी येत असल्यास प्राधान्य.

“आणि तुम्हाला कोण बघणार?”

“ते नंतर. आधी इंग्रजी.”

तेव्हापासून अंग पुसताना, भात भरवताना, चादर बदलताना शिकवणी चालायची. शिकवणारी आडवी आणि शिकणारी उभी, अशी शाळा वहिनीने आजवर पाहिली नव्हती. तिची कंबर दुखायची. पाटा उचलल्यासारखं सासूबाईंना उचलताना खांद्यात कळ यायची. त्यात हे शब्द.

“ऑक्युपेशन?”

“धंदा.”

“धंदा म्हणजे बिझनेस. ऑक्युपेशन म्हणजे ज्यात आपला दिवस जातो ते.”

“मग माझं ऑक्युपेशन तुम्ही.”

सासूबाई हसल्या की त्यांच्या हनुवटीवर लाळ यायची. वहिनीने ती पुसली.

“प्रोफेशन म्हणजे शिकून, परीक्षा देऊन मिळतं ते. डॉक्टर, वकील. करिअर म्हणजे पायऱ्या. आज इथे, उद्या वर.”

“तुमचं काय होतं?”

“आमच्या वेळी ‘मी जॉबला जाते’ असं कुणी म्हणत नसे. ‘ड्यूटीवर जाते’ म्हणायचो. जॉब आपला असतो गं. धरला, सोडला. ड्यूटी आपली नसते. आपण तिचे.” मग थकून त्यांनी डोळे मिटले. “पुढचा घास दे. निवलाय.”

एक शब्द मात्र वहिनीच्या गळी उतरेना. व्होकेशन. आतून हाक आल्यासारखं जे करतो ते, असं सासूबाईंनी सांगितलं.

“म्हणजे हौस?”

“हौस म्हणजे हॉबी. गाढव आहेस.”

“मग हाक कुणाची?”

“ते मलाही कधी कळलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मला हाका यायच्या त्या सगळ्या राँग नंबर.”

मुलाखतीच्या दिवशी शेजारच्या काकू घटकाभर बसायला आल्या. वहिनीने कपाटातली बरी साडी नेसली आणि वाटभर शब्द घोकत गेली. केंद्राची मॅनेजरबाई तिच्यापेक्षा लहान असेल, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेबलावरचा फोन सारखा वाजत होता. बाईंनी तो तिसऱ्यांदा बंद केला आणि विचारलं, “एनी जॉब बिफोर?”

“नो जॉब,” वहिनी म्हणाली. “वर्क. ॲट होम. मदर-इन-लॉ. शी इज इन बेड.”

“हाऊ लाँग?”

वहिनीला वर्षं सांगता येत होती, पण इंग्रजीत आकडा पटकन सुचेना. तिने हात नुसतेच लांब केले, मासा केवढा होता ते सांगतात तसे. मॅनेजरबाई हसल्या आणि मराठीत आल्या.

“पाठीला जखमा झाल्या त्यांच्या?”

“सुरुवातीला एक झाली होती. मला वळवायचं कळत नव्हतं. ती भरली. मग नाही झाली.”

“रात्रपाळी जमेल?”

“जमवीन.”

“खरं सांगू? इथे माणसं टिकत नाहीत. चार दिवस येतात आणि नाक दाबून पळतात. तुम्ही सोमवारपासून या. केअरगिव्हर म्हणून घेते.”

प्रोफेशन, करिअर, व्होकेशन, कुणी काही विचारलंच नाही. परत येताना वहिनीला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच भुंगा. सोमवारी सकाळी आईंच्या तोंडाला पाणी कोण लावणार?

संध्याकाळी नणंद आली. सासूबाईंनीच बोलावून घेतलं होतं. ती ऑफिसातून तशीच आलेली, चेहरा उतरलेला, पायातला बूट चावत होता म्हणून दारातच काढून बसली. वहिनीने पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

“अगं वहिनी, पण आईचं काय?”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं, ताई.”

“मी काय करू? मला जॉब आहे. सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते. तू घरीच असतेस म्हणून मी निर्धास्त होते. तुला दुसरं काय काम…”

वाक्य अर्धंच राहिलं. ते पुरं होण्याची गरजही नव्हती. रिकामा पेला उचलून वहिनी मोरीकडे गेली आणि तो आधीच स्वच्छ असलेला पेला घासत उभी राहिली.

आतून सासूबाईंचा आवाज आला. इतका मोठा आवाज त्यांनी झटक्यानंतर पहिल्यांदाच काढला होता. शब्द एकमेकांत अडकले होते, नुसती घरघर वाटत होती.

“काय म्हणते ती?” नणंदेने घाबरून विचारलं.

वहिनीला नीट कळलं होतं. सांगावं की नाही, हेच कळत नव्हतं. शेवटी पेला उपडा ठेवत ती म्हणाली, “त्या म्हणताहेत, त्यांना तुमच्याकडे न्या.”

“नाही. आणखी काहीतरी म्हणाली.”

“म्हणाल्या, हिला जगू द्या.”

नणंद उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती वाईट नव्हती. तीही रोजच्या धबडग्यात पिचलेलीच होती, फक्त तिच्या पिचण्याला पगार होता. “मी बाई ठेवते,” ती म्हणाली. “दिवसाची. बाकीचं मी बघेन. चुकलंच माझं बोलायला, वहिनी.”

“असू दे हो, ताई.”

रविवारी सासूबाईंना गाडीत बसवलं. दोघा शेजाऱ्यांनी खुर्चीसकट खाली नेलं. वहिनी पुढे होऊन मान सावरायला गेली तर सासूबाई तिच्यावरच खेकसल्या, “सोड. सवय कर.” कुणाला सवय करायला सांगितलं, ते तिने विचारलं नाही.

त्यानंतर नोकरी सुरू झाली. सोपी नव्हती. एक आजोबा चावायचे, एक आजी तिला चोर म्हणायच्या. पण पाळी संपली की दुसरी बाई येई आणि वहिनी निघून येई. संपणारं काम तिने बऱ्याच वर्षांनी पाहिलं होतं. घरी आल्यावर मात्र काय करावं ते सुचत नसे. ती अंथरुणावर पडून राही, दमलेली, आणि कान उगाचच शेजारच्या खोलीकडे लागलेले.

महिन्याभराने सुट्टी मिळाली तशी ती नणंदेकडे गेली. नणंद बाजारात निघाली होती. “बस गं, चहा घे, आलेच मी,” म्हणून ती गेली. चहा दिला तो सासूबाईंसाठी नेमलेल्या बाईने. बाई ठेंगणी, दणकट, कमी बोलणारी.

सासूबाई जराशा वाळल्या होत्या, पण केस विंचरलेले होते.

“काय म्हणतात तुला तिथे?” त्यांनी विचारलं.

“केअरगिव्हर.”

“गिव्हर.” त्यांनी शब्द तोंडात घोळवला. “चांगलाय. आणि घेणाऱ्याला?”

“ज्याचं त्याचं नाव घेऊन हाक मारतो, आई.”

“मग बरं,” सासूबाई म्हणाल्या. “इथे मला पेशंट म्हणतात.”

बोलता बोलता त्या एका बाजूला कलल्या आणि त्यांच्या मानेखालची टॉवेलची घडी सरकली. वहिनी कप खाली ठेवून झटकन उठली. तिचा हात मानेखाली जाणार तोच ती बाई आत आली.

“राहू द्या, ताई. तुम्ही पाहुण्या. हे माझं काम आहे.”

तिने रागाने म्हटलं नव्हतं. उलट अदबीनेच म्हटलं होतं. वहिनी दोन पावलं मागे सरली. बाईने एक हात मानेखाली, एक कमरेखाली घातला आणि सासूबाईंना अलगद वळवलं. हात चांगला होता. कुठे ओढाताण नाही, घाई नाही. वळवताना ती त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि सासूबाईंनी निमूटपणे डोळे मिटले.

वहिनी खुर्चीवर बसली. मग कप उचलला आणि पाठ पुसून होईपर्यंत पाहुणीसारखी भिंतीकडे बघत राहिली.