मफलरखालचा तडा

मित्रांनो, मी एक जुना हुक आहे. कपडे अडकवायचा नव्हे, गाडीच्या पाठीमागे बसून ट्रॉली ओढणारा हुक. एक जाड लोखंडी पट्टी, तिला वर वळवलेली आखूड मान आणि मानेवर मोठ्या लिंबाएवढं गोल डोकं, एवढाच माझा देह. भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर कितीतरी लोकांच्या नडग्या मला ओळखतात. घाईघाईत गाडीच्या मागून जाणारा माणूस मला धडकतो, कळवळतो आणि शिवी हासडून पुढे जातो. मी उत्तर देत नाही, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. ट्रॉली लागलेली असली की मी खडखडतो आणि नसली की ती कधी लागेल म्हणून आतल्या आत चुळबुळतो.

माझा जन्म घोडबंदरला, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर, खंडूमिस्त्रींच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या सांगाड्यातून त्यांनी माझी पट्टी कापली, मान तापवून वळवली आणि डोकं लेथवर घासून गुळगुळीत केलं. मग मला हातात तोलून ते उदयदादाला म्हणाले, "घेऊन जा. तुझी पोरगी नांदायला जाईपर्यंत बघायला नको."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी तेव्हा फुगलो होतो. आज वाटतं, तेवढं एक ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

उदयदादाचा धंदा लायटिंगचा. लग्न असो, जयंती असो, शाळेचं गॅदरिंग असो, मांडव उभा राहिला की त्याच्या दिव्यांच्या माळा तिथे लागणार. माळा आणि वायरी त्याच्या डिझेल पिकअपच्या हौद्यात असत आणि जनरेटर मागच्या ट्रॉलीवर. पिकअप आणि ट्रॉली यांच्या मधोमध चार बोल्टांवर बसलेला मी. माझं तोंड कायम मागे. त्यामुळे मागे पडलेले रस्ते, मिठागरं, बस आणि भुंकत धावणारी कुत्री मी मनसोक्त पाहिली, पण ज्या पिकअपच्या पाठीला चिकटून मी सात वर्षं काढली तिचं तोंड मला कधी दिसलं नाही. तिच्या इंजिनाची धडधड तेवढी माझ्या हाडांत असायची.

घरात माणसं चार. उदयदादा, दवाखान्यात नर्सची नोकरी करणारी त्याची बायको पंचशीलाताई, मुलगी अनुष्का आणि मराठवाड्यातल्या गावाहून कायमची राहायला आलेली उदयदादाची आई, मुक्ताबाई. पिकअपला पुढे सीट दोनच. मुक्ताबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्या पुढे बसत. पंचशीलाताई आणि अनुष्का हौद्यात, गुंडाळलेल्या वायरींवर. नात्यातल्या एका लग्नात अनुष्का हौद्यातून उडी मारून उतरली तेव्हा तिच्या नव्या फ्रॉकला मागे ग्रीसचा हा मोठा डाग पडला होता. दारातली पोरं फिदीफिदी हसली. पोरगी जेवली नाही. परत येताना मी सगळी वाट तिचे हुंदके ऐकत होतो.

त्या दिवशी घरासमोर गाडी थांबल्यावर पंचशीलाताई हौद्यातून उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "अहो, मला दागिना नको, काही नको. एकदा तरी आपण चौघं एका गाडीत, पुढे तोंड करून बसूया. आणि एकाच दारासमोर उतरूया."

"आणि जनरेटर कोण ओढणार?" उदयदादा म्हणाला. "फॅमिली कारला ट्रॉली लावली तर बंपर हातात येईल. जनरेटर गेला की धंदा गेला."

"मग ओढणारी मोठी गाडी बघा. मिळत असेलच ना?"

झालं! त्या दिवसापासून उदयदादाला चैन पडेना आणि मलाही. पेट्रोल पंपावर मोठी गाडी दिसली की तो मालकाला गाठून विचारायचा, "भाईसाब, ये ट्रॉली खींचती है क्या?" उत्तर एकच यायचं, "अरे, कुछ भी खींचेगी!" कोणी ओढून पाहिलेलं मात्र नसायचं. उत्तर ऐकून मी मागे हिशेब मांडायचो. नव्या गाडीला ट्रॉली झेपली नाही, तर हुक कशाला हवा? मी भंगारात जाणार, दुसरं काय?

अखेर चेणे गावचा काशीनाथ भेटला. थोडी जमीन विकून त्याने सात सीटची ऐटदार गाडी घेतली होती. पण त्याची झाडांची नर्सरी. मखमली सीटवर शेणखताची पोती टाकून तो हिंडायचा. तो उदयदादाला म्हणाला, "तुजी पिकअप मना दे आन् माजी ही तू घे. वरच्या पैशांचा काय तो बसून बोलू. गाडी बेस हाय, पन मना तिचा उपेग न्हाय."

उदयदादा तिथल्या तिथे हात मिळवणार होता. मुक्ताबाईंनी त्याला अडवलं. "बैल काय नुसत्या रंगावर घेतेत का? बाजारात बैलगाडीचे चाकं बांधतेत, मंग बैल जुंपतेत. बांधल्या चाकांची गाडी ओढली तर तो बैल. हिलाबी तसंच बघायचं."

"आई, ही गाडी आहे."

"मंग ओढायची हाय का मिरवायची?"

उदयदादाने खंडूमिस्त्रींना बोलावलं. खंडूमिस्त्री आले. त्यांनी माझे चार बोल्ट सोडले आणि मला काशीनाथच्या गाडीच्या पाठीला बसवलं. चेण्याच्या चढावर जनरेटरसकट ट्रॉली लावली. तिच्या चाकांपुढे दगड ठेवले, दोन्ही चाकं दोराने आवळून बांधली. काशीनाथ पोट धरून हसत होता. उदयदादाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. गाडी गुरगुरली, थरथरली. माझी मान ताणली, ताणली, आणि ट्रॉली बांधल्या चाकांनिशी दगडांसकट फरफटत हातभर वर सरकली!

"हाय बैल!" मुक्ताबाई ओरडल्या.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पंचशीलाताईने गाडीपुढे मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हटली. मग चौघं गाडीत बसली. पहिल्यांदाच चौघांची तोंडं पुढे. आनंदाच्या भरात उदयदादाने टेप लावला, काचा वर केल्या आणि गाडी हायवेच्या दिशेने सोडली. दगड काढले होते. एका चाकाचा दोरही सोडला होता. दुसऱ्या चाकाचा मात्र राहिला होता.

काय सांगू तुम्हाला! एक चाक फिरतंय, दुसरं घासत येतंय. ट्रॉली तिरकी होऊन मला पिळू लागली. काशीनाथ मागून बोंब मारत धावला, "दोर! अरं, दोर!" गाडीत गाणं चालू होतं. हायवेच्या तोंडाशी जळक्या रबराचा वास आला तेव्हा कुठे गाडी थांबली. तोपर्यंत माझ्या मानेत काहीतरी बारीक कटकन झालं होतं.

सगळे खाली उतरले. टायर पाहिला, दोर सोडला आणि एकमेकांना दोष देत खूप हसले. टायरची चौकशी झाली. माझ्याकडे कोणी वाकून पाहिलं नाही. तडा केसाएवढा होता, पण तो माझ्या मानेत होता आणि त्याची खबर मला एकट्यालाच होती.

पिकअप चेण्याला राहिली. तिच्या मागे लागणारी, हुक तुटला तरी ट्रॉली धरून ठेवणारी सुरक्षेची साखळीही उदयदादाने मोठेपणाने काशीनाथला देऊन टाकली. निघताना पिकअपने एकदा हॉर्न वाजवला. काशीनाथने सहज वाजवला असेल, पण मला ते फार लागलं.

नवे दिवस सुखाचे होते, हे मी नाकारत नाही. अनुष्का खिडकीशी बसून केस उडवायची. मुक्ताबाई मधल्या सीटवर मांडी घालून बसायच्या. एकदा पंचशीलाताईची चांगली साडी माझ्यात अडकून टरकन फाटली. तेव्हा उदयदादाने सायकलची जुनी ट्यूब माझ्या मानेभोवती घट्ट गुंडाळली आणि अनुष्काने लाल रबरी चेंडू कापून माझ्या डोक्यावर बसवला. "बघा पप्पा, टोपी आणि मफलर!" ती म्हणाली. येणारे-जाणारे हसायचे, माझे लाड व्हायचे. ट्रॉली लावायची असली की टोपी निघायची. मफलर तसाच राहायचा, आणि मफलरखाली माझा तडा वाढत होता.

प्रत्येक खड्ड्याला तो थोडा पुढे सरकायचा. पावसाळ्यात ट्यूबमध्ये पाणी शिरलं आणि तिथेच मुरलं. मी खडखडून सांगायचो, "अहो, थांबा, बघा!" उदयदादा म्हणायचा, "हुकाला ग्रीस लावलं पाहिजे." मग माझ्या डोक्याला ग्रीस लागायचं. पुढे हसणारी चार माणसं, मागे जनरेटरचं धूड, त्याच्या मागे शाळेच्या बस आणि मोटारसायकली. साखळी नाही. मी तुटलो तर? ह्या एका विचाराने मला झोप येत नसे.

पंचशीलाताईच्या धाकट्या बहिणीचं, सुचेताचं, लग्न ठरलं. ठाण्याला, म्हणजे घोडबंदरचा घाट ओलांडून जायचं. लायटिंगही उदयदादाचंच. सकाळी नटूनथटून पंचशीलाताई आणि मुक्ताबाई गाडीत बसल्या. टोपी काढायचं काम अनुष्काचं. तिने ती काढली, उदयदादाने ट्रॉली लावली आणि उठताना तिचं बोट मफलरला लागलं. बोट तांबडं झालं.

"पप्पा, हुकाला रक्त आलंय!"

"गंज असेल गं. ट्रॉली लावून झाली, बस लवकर. उशीर होतोय."

"आतून येतंय. बघा ना."

"अनुष्का!" आतून पंचशीलाताई म्हणाली. "माझ्या बहिणीचं लग्न आहे. आज तरी वेळेवर जाऊ दे मला."

पोरगी गाडीत बसेना. डोळे भरून आले तरी हलेना. शेवटी मुक्ताबाई दार उघडून, गुडघ्यांना हात लावत खाली उतरल्या. त्यांनी नातीचं बोट पाहिलं, मग मला पाहिलं. "उदय, सोड ते गुंडाळलेलं. जुवाखाली बैलाचा खांदा सुजून आला असला, तर तो जुंपत नसतेत."

उदयदादाने चडफडत ट्यूब सोडली. एक वेढा, दुसरा, तिसरा. आणि तो बघतच राहिला. तडा माझ्या मानेला अर्ध्याहून जास्त फिरला होता. त्याने ट्रॉलीला हात लावून जरा हलवलं, तर तडा तोंडासारखा उघडला आणि मिटला. नवे कपडे घातलेला तो माणूस रस्त्यावर धुळीत मटकन बसला.

"घाटात..." तो म्हणाला. पंचशीलाताई खाली उतरली. तिने अनुष्काला पोटाशी धरलं, आणि पुन्हा उशिराचं नाव काढलं नाही.

ट्रॉली सोडली. काशीनाथला फोन लावला. तो नर्सरीतली चार माणसं घेऊन पिकअपसकट आला. सगळ्यांनी मिळून जनरेटर उचलून हौद्यात चढवला. "चल, मी येतो पाठी," काशीनाथ म्हणाला. "तुजी लायटिंग झाली न्हाय, तं लगीन काय काळोखात लावतील?"

मग गाडी निघाली. माझ्यावर आज काही भार नव्हता. उघडी मान घेऊन मी नेहमीसारखा मागे बघत होतो. आणि मित्रांनो, घाटाच्या वळणावर मागून पिकअप वर आली. तिचं तोंड! सात वर्षं जिच्या पाठीला चिकटून होतो, तिचं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. डावा दिवा जरा तिरका, कपाळावर पोचा, आणि जनरेटरच्या ओझ्याने धापा टाकत ती माझ्याचकडे येत होती. मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या दिवशी रडलो असतो.

लग्नाला उशीर झाला. पण चौघं एकाच गाडीतून, एकाच दारासमोर उतरली. अनुष्काच्या बोटाला गंजाचा डाग तसाच होता. मावशीच्या मैत्रिणी विचारू लागल्या, तर तिने तो लपवला नाही.

आता नव्या गाडीला नवा हुक आहे, साखळीसह. खंडूमिस्त्री मला भंगारात टाकणार होते. अनुष्काने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. दाराशेजारच्या खिळ्यावर मी टांगलेला असतो. नव्या हुकाला टोपी आहे, मफलर नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळतात, तशा मुक्ताबाई वाटीत तेल-हळद घेऊन त्याची मान चोळतात. "सण न्हाई करीत मी," त्या म्हणतात, "पण खांदा चोळणं हे कामच हाय." उरलेलं बोटभर तेल त्या माझ्या तड्याला लावतात. त्याचा आता उपयोग काही नाही, पण तो हात फिरला की माझी सारी चुळबूळ थांबते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी मागे राहून ओझं ओढत असेल. त्याला तुम्ही प्रेमाने टोपी घातली असेल, मफलर गुंडाळला असेल. माझेही लाड झाले, पण त्या लाडांखाली मी मोडत होतो. म्हणून एवढंच मागणं आहे. आज घरी गेलात की मागे जा, खाली वाका, आणि ते गुंडाळलेलं एकदा सोडून बघा.