जिन्यातली खुर्ची

"घ्या बघू, घरी घेता तसाच," डॉक्टर उत्तरा म्हणाल्या.

गुणाजीने खिशातला निळा पंप काढला, आ वासला आणि फुस्स करून दाबला. अर्धं औषध जिभेवर बसलं, अर्धं हवेत गेलं. आणि हा गृहस्थ "झालं" म्हणून तोंड पुसून मोकळा!

दम्यापायी नौपाड्यातल्या त्या दवाखान्यात तो तिसऱ्यांदा आला होता. तीस वर्षं लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त केले आणि शेवटी स्वतःच्याच नशिबी पंप आला. कोपरीला घरी मालनने तर धसकाच घेतला होता. "एकदा पंप लागला की मरेपर्यंत सुटत नाय," असं तिला कुणीसं सांगितलेलं. म्हणून बायकोची नजर चुकवून, जीव अगदी कासावीस झाला तरच गुणाजी तो काढायचा.

त्याची खरी भीती वेगळीच होती. जवळच्या एका चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत पाण्याचं काम त्याच्याकडे होतं. रोज गच्चीवर चढून टाकी बघावी लागे. हल्ली तिसऱ्या मजल्यावरच छातीचा भाता होई. तिथे राहणाऱ्या अण्णांनी त्याच्यासाठी जिन्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. भला माणूस. पण त्या खुर्चीवर बसताना गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज खुर्ची दिली, उद्या सुट्टी देतील.

"आणि मागच्या वेळी दिलेला तो तपकिरी पंप कधी घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोपण दम लागला कीच. उगाच सवय नको ना, मॅडम."

डॉक्टर रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "गुणाजी, टाकी रिकामी होऊन लोक ओरडायला लागले, की मग तुम्ही मोटर लावता?"

"काय पण मॅडम! पाचलाच भरून ठेवतो मी, लोकं उठायच्या आत. बोंब झाल्यावर मोटर लावली तर ठेवतील का मला कामावर?"

"मग छातीला का बोंब मारायला लावता?"

गुणाजीने खिशातून तपकिरी पंप काढून उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे हा टाकी भरायचा. रोज. बोंब असो नसो."

"आणि निळा?"

"तो टँकर. अडीनडीला."

"टँकर सारखा मागवायला लागला तर?"

"तर कुठंतरी गळतंय. तुम्हाला फोन."

"हे तुम्हीच सांगितलंत हं, मी नाही," डॉक्टर हसल्या. मग त्यांनी पंप हलवायला, श्वास पूर्ण सोडायला, आत घेताघेता दाबायला आणि दहा आकडे दम धरायला शिकवलं. शेवटी चूळ. चौथ्या प्रयत्नाला जमलं. मेकॅनिकचाच हात तो.

पहिले आठ दिवस ढिम्म फरक पडला नाही. गुणाजी वैतागला, पण टाकी काही एका बादलीत भरत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्या महिन्यात मालन स्वतःच सकाळी पंप आणि चुळीचा तांब्या पुढे करू लागली. रात्रीचा खोकला थांबल्याने तिलाही झोप मिळत होती.

आणि एके दिवशी टाकीचं झाकण उघडताना गुणाजीच्या ध्यानात आलं, की तिसरा मजला कधी गेला ते कळलंच नाही. त्याला हसू आलं, डोळेही भरले. तिथेच उभं राहून त्याने पोटभर श्वास घेतला.

उतरताना त्याने खुर्चीवरची धूळ फडक्याने पुसली आणि अण्णांची बेल वाजवली.

"अण्णा, ही आत घ्या."

"अरे, राहू दे की. लागेल कधी."

"लागली तर मीच मागेन."

खुर्ची उचलून त्याने स्वतःच अण्णांच्या खिडकीपाशी ठेवली. "बसा तुम्ही," तो म्हणाला, "पाणी सोडून येतो."